मदरबोर्डवर आळ घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, मदरबोर्ड गेला, दुकानदार नऊ हजार सांगतोय." मी गप्प राहिलो, कारण शेजारी तुझी आई बसली होती. आत्ता ती देवळात गेली आहे तोवर लिहून टाकतो.

मदरबोर्डच गेला हे कशावरून? तू सांगितलेलं लक्षण मी वहीत लिहून ठेवलंय. अभ्यासाचं काम तासन्‌तास चालतं, गेम लावला की पाच-दहा सेकंदांत खटकन बंद. बिघाडाचा संदेश दाखवणारा निळा पडदा नाही, की काही नाही. रॅमची भानगड असती तर बहुधा निळे पडदे आले असते, तेही दर वेळी वेगळ्या नावाचे. प्रोसेसर तापून बंद पडायला सहसा काही मिनिटं तरी लागतात. ग्राफिक्स कार्डाने एकदम वीज ओढली की कमकुवत एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र क्षणात मान टाकतो. माझा संशय त्याच्यावर आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं म्हणालास, ते धरून बसू नकोस. यंत्र नीट बंद न करता बंद पडलं एवढंच ते सांगतं, का ते सांगत नाही.

दुकानदाराने हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवला, म्हणून तो चांगला? अरे, रिकामी गाडी कुठलाही बैल ओढतो. ऊस भरला की कळतं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ती सुद्धा गेम चालू असताना. आणि तेव्हाची बुडी इतकी झटपट असते की साध्या मल्टिमीटरवर ती दिसेलच असं नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. १९९६ साली एका गुरुजींचा टीव्ही अर्ध्या तासाने बंद पडायचा. मी ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बदलला, ट्रान्झिस्टर बदलला, दोन कपॅसिटर बदलले, सगळं एकाच दुपारी. टीव्ही चालला, पैसे घेतले. महिन्याने तो पुन्हा आला. एका भागाच्या पायाला ड्राय सोल्डर होतं, म्हणजे डाग नीट धरला नव्हता, माझ्या हलवाहलवीने ते तात्पुरतं टेकलं होतं एवढंच. गुरुजी काही बोलले नाहीत, पण पुढे टीव्ही दुसरीकडे न्यायला लागले. तेव्हापासून मी एका वेळी एकच वस्तू बदलतो.

मामा परवा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर घरच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस पाठवतो. ४५० वॅटचा आहे. तुझ्या कार्डाच्या खोक्यावर किती वॅटचा हवा ते छापलेलं असेल, आधी वाच. जास्त लिहिलं असेल तर लावू नकोस, मला फोन कर. लावलास तर वायरी त्याच्याच वापर. तुझ्याच्या सुट्या निघतात, पिन बसते म्हणून त्या याला जोडशील, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, हार्डडिस्क जळायची. आणि जुना एसएमपीएस कुतूहल म्हणूनही उघडू नकोस. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. माझ्या उजव्या अंगठ्याने ते शिकून घेतलंय.

त्याआधी दोन फुकटची कामं. प्रोजेक्टची फाइल आजच पेनड्राइव्हवर घे. आणि ते इस्त्री, पंखा, मोबाइल सगळं लटकवलेलं एक्स्टेन्शन काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघ. त्याने थांबलं तर मामाला एसएमपीएस परत दे, आमचा कॉम्प्युटर बंद आहे आणि आईची भजनं त्यातच आहेत.

नव्या एसएमपीएसवरही बंद पडला तर पुढचा संशय कार्डावर. मदरबोर्डचा नंबर त्यानंतर. तोवर दुकानदाराला अॅडव्हान्स देऊ नकोस.

मामाबरोबर चिवडाही येतोय, कॅबिनेट उघडं असताना खाऊ नकोस.

तुझे,
बाबा