वकीलकाकूंना, माझ्या पोर्टफोलिओच्या निमित्ताने

आदरणीय वकीलकाकू,
सादर नमस्कार.

माझा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, अखेर ऑनलाइन लागला. त्यात आज दिसणारं प्रत्येक काम कोणत्या हक्काने किंवा कुणाच्या परवानगीने तिथे आहे, हे मला सांगता येतं. जे दिसत नाही, ते का नाही हेही सांगता येतं. हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही फी घेतली नाहीत आणि आभार मानायला लागले तर "पुरे गं" म्हणून विषय बदललात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं, की सांगली-मिरजेत घरातल्या एका टेबलावर लॅपटॉप मांडून स्वतंत्र काम करणारी डिझायनर मुलंमुली बरीच आहेत. तुम्ही मला समजावलंत ते विचारायला यातलं कुणी वकिलाकडे जात नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला कोर्टाची पायरी, असंच सगळ्यांना वाटतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी पुरती कोंडी झाली होती. जिथे नोकरी केली त्या एजन्सीने निरोपाच्या मेलमध्ये लिहिलं होतं, की इथलं काहीही कुठेही दाखवायचं नाही. मित्रमैत्रिणी म्हणत होत्या, आपण केलं ते आपलंच, बिनधास्त टाक. आणि काम मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आधीचं काम दाखवा." इंटरनेटवर वाचलेलं 'वर्क फॉर हायर' (करवून घेणारा तोच मालक) आणि 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर) मी तुम्हाला मोठ्या विश्वासाने सांगितलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे अमेरिकेचं झालं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम १७ पासून सुरुवात करू."

तुम्ही आधी माझी पगाराची स्लिप मागितलीत, डिझाइन नंतर. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नोकरीत, अगदी शिकाऊ म्हणूनही, कामाचा भाग म्हणून जे केलं त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे एजन्सीतल्या तीन वर्षांच्या कामावर माझा कॉपीराइट नाही. मनाला लागलं ते. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. मालकी त्यांची असली तरी परवानगी मागायला कुणी अडवलेलं नाही, असं म्हणत त्यांना पाठवायचं पत्र तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत. सरसकट "माझं काम दाखवू का" असं विचारायचं नाही. बाजारात आलेल्या कामांची नावं द्यायची, त्यातली माझी भूमिका नेमकी लिहायची आणि एजन्सीचं नाव श्रेयात राहील हे आपणहून सांगायचं. बहुतेक कामांना होकार आला, दोनांना नकार. ती दोन आज माझ्या पानावर नाहीत.

हळदीच्या पाऊचवर मात्र तुम्ही अख्खी संध्याकाळ घातलीत, आणि मी सगळ्यात जास्त शिकले ते तिथे. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यासाठी स्वतंत्रपणे केलेलं ते माझं पहिलं मोठं काम. तुम्ही अर्धा किलोचं ते पाऊच उलटंपालटं केलंत आणि एकेका जागी बोट ठेवून विचारत गेलात.

मांडणी, रंग, कडेची हळदीच्या पानांची वेलबुट्टी कुणाची? माझी. करार? कोटेशन आणि बिल, बाकी काही नाही. मग हे तुझंच, तुम्ही म्हणालात. पैसे दिले म्हणून अशा डिझाइनचा कॉपीराइट आपोआप क्लायंटकडे जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सही करून द्यावा लागतो. हळद विकण्यासाठी त्याला डिझाइन वापरता येतं, कारण त्याच कामासाठी ते करून घेतलंय. नोंदणी केलेली नाही म्हणून मी घाबरले होते. काम तयार झालं की हक्क तयार झाला, नोंदणीचा उपयोग पुराव्याला, असं सांगून तुम्ही तीही भीती घालवलीत.

मग बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथे फेटा बांधलेले आजोबा आहेत, पेढीचे संस्थापक. जुन्या फोटोवरून मी त्यांचं चित्र काढलं होतं. इथे तुम्ही चष्मा वर करून कलम १७ मधलाच दुसरा भाग वाचून दाखवलात: फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग (कोरीव चित्र) किंवा फिल्म कुणी मोबदला देऊन करून घेतली, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक करून घेणारा. म्हणजे पाऊचची मांडणी माझी आणि तिच्यावरचे आजोबा त्यांचे! पाठीमागचा हळकुंडांचा फोटो त्यांनी फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतला, तोही त्यांचा. नावाची अक्षरं मिरजेच्या सुलेखनकाराने काढलेली, तिथे त्याचा होकार आणि त्याचं नाव हवं. ब्रँडचं नाव हा व्यापाऱ्याचा ट्रेडमार्क. मी केलेलं काम म्हणून ते पाऊच दाखवणं वेगळं आणि त्या नावाखाली हळद विकणं वेगळं, पण पान पाहून त्या पेढीने माझी शिफारस केलीय असा समज होता कामा नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा उल्लेखही पाऊचवर आहे. तो हक्क तर आपल्यापैकी एकट्या कुणाचा नाहीच, असं तुम्ही म्हणालात. शेवटी पाऊचच्या तळाशी मालकाचा मोबाइल नंबर होता. "हा फोटोत झाक," एवढंच.

एका पाऊचमध्ये इतक्या जणांचा वाटा असतो हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आता कोणतंही काम हातात घेतलं की माझं बोट आपसूक तसंच फिरतं. व्यापाऱ्याने आजोबांच्या चित्रासाठी व्हॉट्सॲपवर लगेच "चालेल" पाठवलं. तुम्ही म्हणालात, मेसेज जपून ठेव, पण लेटरहेडवर दोन ओळी घे, कारण उद्या पेढी मुलाच्या हातात गेली की त्याला हा मेसेज माहीत नसणार. किती साधी गोष्ट, पण माणसं बदलतात हे धरून चालणं मला तुमच्याकडूनच कळलं.

एका क्लायंटच्या कराराबद्दल तर मी आशाच सोडली होती. त्यात "सर्व हक्क कंपनीकडे" असं ठसठशीत लिहिलेलं आणि खाली माझी सही. तुम्ही ते पुन्हा पुन्हा वाचलंत. मुदत कुठे लिहिलीय? नाही. कोणत्या प्रदेशासाठी? तेही नाही. मग कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं धरायची आणि प्रदेश भारतापुरता. ही तरतूद किती डिझायनरांना माहीत असेल? त्याच वेळी तुम्ही मला हुरळूनही जाऊ दिलं नाहीत. पाच वर्षं संपेपर्यंत हक्क त्यांचाच, तोवर विचारूनच दाखवायचं.

कलम ५७ बद्दलही तुम्ही असंच तोलून सांगितलंत. हक्क विकला तरी हे काम मी केलं असं म्हणण्याचा आणि कामाची मोडतोड होऊन आपल्या नावाला बट्टा लागत असेल तर ती अडवण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पण लगेच तुम्ही पुढचं वाक्य बोललात: कर्ती म्हणून नाव सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या कामाची चित्रं हवी तिथे लावण्याचा हक्क नव्हे. आणि कलम ५२ मधली सूट खासगी वापर, टीका-समीक्षा, बातमी अशा ठरावीक कामांसाठी आहे. पोर्टफोलिओ त्यात बसेलच असं गृहीत धरायचं नाही.

बेदाण्याच्या डब्याचं सांगायलाच हवं. तासगावच्या एका उद्योजकासाठी मी वेगळ्या घाटाचा डबा केला होता, माझ्या मते आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम, आणि तो अजून बाजारात आलेला नाही. पासवर्ड लावलेल्या पानावर ठेवते, असं मी सुचवलं. तुम्ही गोपनीयतेचा करार समोर ठेवलात. त्यात "त्रयस्थाला दाखवू नये" असं होतं, पासवर्ड असलेला त्रयस्थही त्रयस्थच. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, २००० च्या डिझाइन कायद्याखाली घाटाची नोंदणी करायची तर तो नवा असावा लागतो. अर्जाआधीच तो जगासमोर आला तर क्लायंटचा दावाच अडचणीत येतो. माझ्या एका फोटोने त्या माणसाच्या गुंतवणुकीला धक्का बसू शकतो, हे असं कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. डबा बाजारात येईपर्यंत मी थांबले आहे, आणि खुशीने थांबले आहे.

बाकीचं तुम्ही झटपट निकालात काढलंत. लग्नपत्रिकेत खरी नावं आणि पत्ते नकोत, नमुन्याची घाल. विकत घेतलेल्या स्टॉक फोटोचं लायसन्स पुन्हा वाच. क्लायंटची विक्री किती वाढली ते आकडे त्याचे आहेत, विचारल्याशिवाय छापायचे नाहीत. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराच्या वेबसाइटसाठी त्यांच्या घरातल्या मुलांचे फोटो काढले होते, ते माझ्या पानावर नकोत, हातांचे आणि सतारीच्या भोपळ्यांचे चालतील. कारागिरांना विचारलं तर ते खूश झाले.

काकू, या सगळ्यात तुम्ही एकदाही मला क्लायंटविरुद्ध उभं केलं नाहीत. मी भांडायच्या तयारीने आले होते आणि तुम्ही मला विचारायला शिकवलंत. विचारल्यामुळे नाती तुटली नाहीत. उलट हळदीच्या व्यापाऱ्यांनी दुसरं काम दिलं आणि या वेळी कामाआधीच करार झाला. तो मराठीत करायचा आग्रहही तुमचाच. समोरच्याने वाचून सही करावी, नुसती सही नको, म्हणून. त्यातलं पोर्टफोलिओचं कलम इथे देतेय. आपल्या क्लायंटला दाखवून, आपल्या कामाप्रमाणे बदलून ते कुणीही वापरावं, असं तुम्हीच म्हणालात:

"काम बाजारात आल्यानंतर त्याचे अंतिम रूप डिझायनरला आपल्या वेबसाइटवर, पोर्टफोलिओत व सोशल मीडियावर आपल्या नावासह दाखवता येईल. कामाचे हक्क क्लायंटकडे गेले तरी ही परवानगी कायम राहील. बाजारात येण्यापूर्वीचे काम, नाकारलेले नमुने, किमती, विक्रीचे आकडे आणि ग्राहकांची माहिती क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय दाखवली जाणार नाही. फोटोग्राफर, सुलेखनकार व इतर सहकाऱ्यांची नावे कामासोबत दिली जातील. क्लायंटने योग्य कारण देऊन लेखी कळवल्यास डिझायनर ते काम सात दिवसांत काढून घेईल."

आपली कृतज्ञ,
गावभागातली तुमची डिझायनर
सांगली