हुप्प्या नेला म्हणून वांदरं जात नसतात

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्या भागातल्या वांदरांच्या त्रासाची बातमी तुम्ही छापली हे बरं केलं. संत्र्यावर जरा रंग चढला की अख्खी टोळी बगीच्यात उतरते, अर्धं खाते, अर्धं खाली फेकते, तिकडून हाकललं की गावात येऊन कवेलू फोडते, आता तर निम्म्या लोकांनी कवेलू काढून टिनं टाकली. त्यामुळं नुकसान खोटं आहे असं कोणी म्हणू नये. पण त्या बातमीत जी मागणी आहे की मोठा हुप्प्या, म्हणजे टोळीतला दांडगा नर, पकडून दूर सोडा म्हणजे टोळी आपोआप निघून जाईल, त्याबद्दल मला दोन शब्द लिहायचे आहेत, कारण आमच्या पारावर पण सगळे हेच बोलतात आणि कोणी विचारत नाही की असं खरंच होते का.

टोळी हुप्प्याची नसतेच हो. आपल्या काळ्या तोंडाच्या वांदरांची टोळी म्हणजे माद्या, आजी, माय, मावशी, पोरी, ज्या जन्मल्या तिथंच बहुतेक आयुष्य काढतात. पोट्टे मोठे झाले की बाहेर पडतात, नरांच्या वेगळ्या टोळ्या करून फिरतात, आणि संधी मिळाली की एखादा येऊन माद्यांच्या टोळीचा ताबा घेतो, काही वर्षं टिकतो, मग दुसरा येतो. म्हणजे घर बायांचं आणि हुप्प्या भाडेकरू. भाडेकरू उचलून नेला तर घर कशाला हलंल? फक्त खोली रिकामी होते.

आणि रिकामी झाल्यावर काय होते तेही बघून झालेलं आहे, तेही लांब नाही, कर्नाटकात धारवाडला. 1960 च्या दशकात युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ तिथल्या वांदरांवर काम करत होते, त्यांनी एका टोळीतला एकुलता एक मोठा नर मुद्दाम काढून पाहिला. बाहेरचा नर आत आला आणि टोळीतली लहान पिलं मारली गेली. पुढं 1970 च्या दशकात सारा हर्डी या बाईंनी राजस्थानात माउंट अबूला हीच वांदरं पाहिली, आणि त्यांनी कारण मांडलं की पिलू अंगावर पीत असंल तोवर मादी माजावर येत नाही, पिलू गेलं की लवकर येते, म्हणून नवा नर जुन्याची पिलं मारतो. यावर बरीच वर्षं वाद झाला, गर्दीमुळं बिथरलेल्या वांदरांचं हे वागणं आहे असंही काही जण म्हणत होते, पण आज बहुतेक लोक हर्डीबाईंचं कारण मानतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ काय, तर हुप्प्या नेला, पिलं मेली, माद्या पुन्हा गाभण राहिल्या, सहा-सात महिन्यांत नवी पिलं, आणि वावर तेच, संत्री तीच. खर्च मात्र झाला.

आता या माद्या एकमेकींना किती ओळखतात ते सांगतो, माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे. केनियात अंबोसेली म्हणून जागा आहे, तिथं डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सायफार्थ हे नवराबायको 1977 पासून व्हर्व्हेट जातीच्या माकडांवर काम करायचे. माकडं वेगळी, आपली नाही, पण तिथंही माद्या जन्माच्या टोळीतच राहतात. त्यांनी झुडपात स्पीकर लपवून एका पिलाच्या किंचाळण्याचं रेकॉर्डिंग वाजवलं. त्या पिलाची माय स्पीकरकडं बघायला लागली हे तर होणारच, पण बाकीच्या माद्या बघायला लागल्या त्या मायकडं! म्हणजे हे लेकरू कोणाचं हे सगळ्यांना पाठ. पुढं असंही दिसलं की दोघांचं भांडण झालं की थोड्या वेळानं त्यांचे नातेवाईक एकमेकांवर दात काढतात, स्वतःचं काही घेणंदेणं नसताना. आपल्या धुऱ्याच्या भांडणात वेगळं काय होते?

याच दोघांनी नंतर बोत्स्वानात बबून माकडांवर काम केलं. तिथं घराण्याघराण्यात वरखाली ठरलेलं असते. स्पीकरवर असं वाजवलं की वरच्या घराण्यातली किंचाळते आणि खालच्या घराण्यातली तिला दरडावते, म्हणजे उलटंच, तर ऐकणाऱ्या माद्या जास्त वेळ तिकडं बघत राह्यल्या, आणि एकाच घरातल्या दोघींची उलटापालट वाजवली तर तेवढं नाही. हे 2003 साली छापून आलं. म्हणजे कोण कोणाची आणि कोण कोणाच्या वर, दोन्ही एकाच वेळी डोक्यात.

आणि इतकी हुशार माकडं दुसरीकडं पार ढ निघाली. बिबट शिकार झाडावर नेऊन ठेवतो हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं, पण चेनी-सायफार्थ यांनी हरणाचं धूड झाडावर ठेवलं तर व्हर्व्हेटांनी काही गडबड केली नाही. अजगर गेल्याची फरफट जमिनीवर दिसते, तरी सरळ त्यावरून चालत गेली. बुद्धी आधी एकमेकांशी निभावून घ्यायला वाढली, असं अ‍ॅलिसन जॉली यांनी 1966 मध्ये आणि निकोलस हम्फ्री या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये मांडलं होतं, ते अशा गोष्टींवरून पटते. अर्थात 2017 च्या एका अभ्यासात निघालं की मेंदूचा आकार टोळीच्या आकारापेक्षा खाण्याशी जास्त जुळतो, फळं खाणाऱ्यांचा मोठा, पाला खाणाऱ्यांचा लहान. मला तर वाटते दोन्हीचा हात असंल, पण मी शेतकरी माणूस.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अजून एक आहे. आजकाल बाजारात वाघाचा, कुत्र्याचा आवाज काढणारे भोंगे मिळतात, महाग असतात, चार-आठ दिवस वांदरं पळतात आणि मग भोंग्याजवळच बसून शेंगा खातात. व्हर्व्हेटांवर हेही करून पाहिलं आहे. एकाच माकडाचा, दुसरी टोळी आल्याचा इशारा खोटाच पुन्हा पुन्हा वाजवला, तर बाकीच्यांनी त्या माकडावर विश्वास ठेवणं सोडलं, इतकं की त्याच अर्थाचा त्याचा दुसरा आवाज पण ऐकंनात, पण तोच इशारा दुसऱ्या माकडाच्या आवाजात आला तर लक्ष दिलं. म्हणजे खोटं कोण बोलते याचाही हिशेब. तर तुमचा भोंगा एकाच जागेवरून रोज एकच आवाज काढत असंल तर पैसे पाण्यात गेले समजा. जागा बदला, अधूनमधूनच वाजवा, सोबत खरा माणूस आणि गोफण पाहिजेच.

शनिवारी मारुतीपाशी केळी-शेंगदाणे टाकणाऱ्यांनाही हात जोडून विनंती, भक्ती घरी करा, वांदरं तिथून उठून सरळ आमच्याच वावरात येतात.

वनविभागाकडं माझं मागणं एवढंच की भरपाईचं काम लवकर करा, आणि वांदरं पकडायचीच असतील तर आधी ती टोळी नीट पहा, किती माद्या, किती पिलं, हुप्प्या एक की जास्त, आणि हलवायची तर पूर्ण टोळी हलवता येते का ते ठरवा. तेवढं होत नसंल तर निदान माद्यांच्या पोटाला काळी पिलं लटकलेली दिसतात त्या महिन्यांत हुप्प्याला हात लावू नका. वांदर 1972 च्या वन्यजीव कायद्यात येते, म्हणून हे काम गावानं परस्पर कोणाला ठेका देऊन करू नये, मागं आमच्या बाजूच्या एका गावात तसं झालं आणि पिंजऱ्यात सापडलेल्या मादीचं पिलू बाहेरच राहिलं.

आपला,
एक संत्रा उत्पादक वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती