चोकचेरी मिक्सरला लावू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी घरांच्या परसबागांवर जो लेख आला तो आमच्याकडे सगळ्यांनी वाचला, छान होता, फ्लोरिडातला आंबा आणि टेक्सासचा कढीपत्ता बघून थोडी जळजळही झाली. पण लेखाच्या शेवटी चौकटीत चोकचेरीच्या, म्हणजे इथल्या तुरट रानचेरीच्या, जॅमची कृती दिलीय त्यात "फळं धुऊन मिक्सरमधून काढा" असं सरळ छापलंय, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे. चोकचेरीच्या बीत, पानांत आणि काड्यांमध्ये असा पदार्थ असतो की तो ठेचला किंवा चावला गेला की त्यातून सायनाइड तयार होतं. गर खायला काही हरकत नाही, बी पोटात जाता कामा नये, आणि मिक्सरला बी फुटतेच.

आता हे वाचून कोणी झाडच उपटून टाकेल अशी भीती वाटते म्हणून पुढचं लिहितोय, कारण आमच्यासारख्या ठिकाणी ह्या झाडाइतकं गुणी झाड शोधून सापडणार नाही. आम्ही कोलोरॅडोत ऑरोराला राहतो, डेन्व्हरच्या शेजारीच. इथे वर्षाला बर्फ धरून १४-१५ इंच पाणी पडतं, म्हणजे माणदेशापेक्षा कमी, आणि वर हिवाळा असा की २२ डिसेंबर २०२२ ला डेन्व्हरचा पारा उणे ३१ सेल्सियसपर्यंत गेला होता, तोही हळूहळू नाही, आदल्या दिवशी दुपारी माणसं साध्या जॅकेटात फिरत होती. माती चिकण आणि खारवट. अशात लोक हौसेने पीच लावतात, गोड चेरी लावतात, आणि मग दर एप्रिलला कळ्या गारठल्या म्हणून ग्रुपवर फोटो टाकतात. चोकचेरी इथलीच आहे, जवळजवळ अख्ख्या उत्तर अमेरिकेत रानात उगवते, नॉर्थ डकोटाने तर २००७ साली तिला राज्यफळच करून टाकलं, आणि तिथला हिवाळा आमच्याहून वाईट.

लावायचं कसं ते थोडक्यात सांगतो. उन्हाची जागा बघा, पाणी साचणारी नको. खड्डा खोल नको, रुंद हवा, आणि खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग जमिनीच्या बरोबरीने राहिला पाहिजे, खाली पुरला की झाड वर्षानुवर्षं रखडतं. बी पासून करायचं तर ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये चार-पाच महिने ठेवावं लागतं नाहीतर सरळ शरदात बाहेर पेरून वर जाळी टाकायची, खारी सोडत नाहीत. एवढा दम नसेल तर नर्सरीतून रोप आणा. बऱ्याच ठिकाणी 'कॅनडा रेड' किंवा 'शुबर्ट' मिळतं, त्याची पानं वसंतात हिरवी येतात आणि उन्हाळ्यात जांभळट लाल होतात, दिसायला सुंदर, शेजारी विचारायला येतात.

पहिली दोन वर्षं आळं करून नीट पाणी द्या, नंतर ते कोरडं सोसतं. पण खरी गोची हिवाळ्यातली आहे आणि आपल्या लोकांना हे कोणी सांगतच नाही. झाड झोपलंय, बर्फ पडतंय, मग पाणी कशाला असं वाटतं ना? इथे जानेवारीत कधी कधी तीन-चार आठवडे बर्फाचा थेंब नसतो, वारा कोरडा, ऊन कडक, आणि मुळं जमिनीतच वाळून जातात, कळतं मात्र मे मध्ये. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीची माणसं सांगतात ते असं की ऑक्टोबर ते मार्च, जमिनीवर बर्फ नसेल आणि हवा ४-५ डिग्रीच्या वर असेल त्या दिवशी दुपारी पाणी घाला, महिन्यातून एक-दोनदा, खोडाच्या जाडीच्या दर इंचाला १० गॅलन म्हणजे ३८ लिटर धरून. लहान झाडाच्या खोडाला नोव्हेंबरात कागदी पट्टी गुंडाळा आणि एप्रिलमध्ये आठवणीने काढा, नाहीतर दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी ह्यात साल तडकते.

फुटव्यांचा त्रास आहे, खोटं कशाला बोला. मुळांवरून सगळीकडे फुटवे येतात आणि लक्ष दिलं नाही तर झाडाची जाळी होते. कुंपणाला वाराअडव म्हणून लावलं असेल तर तीच जाळी हवी असते, पण छोट्या लॉनच्या मधोमध लावणाऱ्याने दर उन्हाळ्यात कात्री हातात घेऊन बसायची तयारी ठेवावी. फांदीवर काळी खडबडीत गाठ दिसली तर ती बुरशी आहे, हिवाळ्यात गाठीच्या खाली वीतभर जागा सोडून फांदी कापायची आणि कचऱ्यात टाकायची. आणि ज्यांच्याकडे पीच किंवा चेरीची बाग आहे, आमच्याच राज्यात पॅलिसेड गावाला आहेत तशा, त्यांनी चोकचेरी जवळ लावूच नये, एक्स डिसीज नावाचा रोग हिच्यात मुरून राहतो आणि तुडतुडे तो बागेत नेतात. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनीही विचार करा, ऑगस्ट-सप्टेंबरात अस्वलं झोपेआधी खा-खा करतात आणि चोकचेरी त्यांची आवडती.

पानांचं परत सांगतो कारण हरतालिका-गणपती त्याच दिवसांत येतात. पत्री म्हणून वाहा, देव काही म्हणणार नाही, पण निर्माल्य शेजाऱ्याच्या शेळीला घालू नका, तोडून सुकत आलेली पानं तर जास्तच वाईट, गुरं-घोडे मेल्याची उदाहरणं आहेत.

कोणी म्हणेल की लकोटा वगैरे इथले मूळ लोक फळं बियांसकट कुटून खायचे ते कसं. खरंय, पण ते कुटून वड्या करून उन्हात वाळवायचे, मग शिजवायचे, आणि त्यात ते विष बरंचसं उडून जातं. पिढ्यांनी बसवलेली पद्धत आहे ती, मिक्सरचं बटण नाही. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेला मेरिवेदर लुईस जून १८०५ मध्ये मिसुरीच्या काठी पोटात कळा आणि ताप येऊन आडवा झाला तेव्हा ह्याच्या काड्यांचा काढा पिऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागला असं त्याच्या रोजनिशीत आहे, पण तेवढ्यावरून घरी कोणी काढे करू नका प्लीज.

तर जॅमऐवजी जेली करा. फळं लाल असताना तोडू नका, पार काळीभोर होऊ द्या, तेव्हाही जांभळासारखी जीभ धरतातच. बुडतील इतक्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, बिया न फोडता हलक्या हाताने दाबा, फडक्यातून गाळा, बिया फेकून द्या. त्या रसात साखर, लिंबू आणि बाजारचं पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट बसवणारा पदार्थ, कारण हिचं स्वतःचं पेक्टिन कमी पडतं आणि नुसता पाक होतो. पाक झाला तरी पॅनकेकवर चालतो म्हणा.

इथे फळं ऑगस्टमध्ये काळी होतात. त्याच्या आत ही दुरुस्ती पुरवणीत त्याच जागी, तशीच चौकट करून छापावी ही विनंती, कारण कृतीची कात्रणं आत्ताच बऱ्याच फ्रिजवर लागलेली आहेत.

आपला,
एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो