मेडिकलवाल्या काकांना, उधारीसकट

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही मला गोळ्या दिल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

लग्नाचं जेवण बाधलं होतं. दुपारपर्यंत सात-आठदा जाऊन आले, भिंत धरत धरत तुमची पायरी चढले आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी मागितली. जुलाब म्हटलं की घरोघरी हीच गोळी. चिठ्ठी कसली, नणंदेला लागू पडली होती एवढाच आधार. तुम्ही पट्टी काढलीत, काउंटरवर ठेवलीत आणि माझ्या बुटातून वर आलेल्या प्लास्टिकच्या स्प्लिंटकडे बघत विचारलंत, "ताई, पायाला काय झालंय?"

"नसांचा आजार, वडिलांकडून आलाय." एवढं सांगितलं की लोक अरेरे म्हणून गप्प बसतात. तुम्ही आजाराचं नाव विचारलंत. शार्को-मारी-टूथ. (दातांशी याचा काही संबंध नाही. १८८६ साली ज्या तिघा डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, त्यांची ही आडनावं.) मग चष्मा कपाळावरून खाली ओढून तुम्ही खोक्यातला तो घडीचा कागद उलगडलात. त्या मुंगीएवढ्या अक्षरांत बोट फिरवत 'न्यूरोपॅथी' या शब्दावर थांबलात आणि पट्टी परत खणात टाकलीत. मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू!

पुढे मेंदूविकार तज्ज्ञांना विचारलं, तेव्हा कळलं की त्या एका गोळीत माझ्यासाठी दोन धोके होते. ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या औषधांनी नसांना इजा होऊ शकते, तीही थोड्याच दिवसांत, आणि कधीकधी ती भरून येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. ऑर्निडाझोल किंवा त्याचं भावंड मेट्रोनिडाझोल जास्त दिवस घेतलं तर हातापायांना मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो. लघवीच्या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरंटॉइनचंही तसंच. धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं. माझ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जादा प्रत असते, त्यामुळे नसांवरचं आवरण आधीच बिघडलेलं. त्यात आणखी गमावलं, तर कदाचित जिना कायमचा सुटेल.

याचा अर्थ अँटिबायोटिक वर्ज्य असा नाही. दाढेला पू झाला तेव्हा डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं, ते बिनधास्त घेतलं. उद्या जिवावर बेतलं आणि दुसरा पर्याय नसला, तर हीच औषधं घ्यावी लागतील. फक्त तो निर्णय माझ्या नणंदेचा नसेल.

तुमच्या प्रश्नाने मी वरमले, त्याचं कारण वेगळंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही मी हे नाव कधी सांगितलं नव्हतं. ताप-खोकल्यात पायांचं रडगाणं कशाला, असं वाटायचं. आता पर्समध्ये कार्ड असतं: वर आजाराचं नाव, खाली जपून द्यायची औषधं. भावाच्या मुलीलाही एक करून दिलंय, तिचीही पावलं तशीच वळायला लागलीत.

त्या दिवशी तुम्ही स्टूल पुढे सरकवून मला बसवलंत, ओआरएसच्या चार पुड्या दिल्यात आणि "उद्या थांबले नाहीत तर डॉक्टरकडे जा" म्हणालात. दुसऱ्या दिवसापर्यंत जुलाब थांबले. पुड्यांचे पैसे मात्र द्यायचे राहिले. शनिवारी आणून देते.

तुमची,
स्प्लिंटवाली ताई