काजूचं चीज आणि तेल

मा. संपादक,

कमी चरबीचं घरगुती वनस्पतीजन्य चीज म्हटलं की कोकणात लगेच काजूगर भिजत पडतात. पण 100 ग्रॅम काजूत 45 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. मग कमी चरबीचं काय राहिलं? आधार चवळीचा घ्यावा. शिजवून निथळलेली 200 ग्रॅम चवळी, चवीपुरते 20 ग्रॅम काजू, दोन लसूणपाकळ्या, चमचाभर मीठ आणि चिमूटभर मोहरीपूड गंधासारखी बारीक वाटावी. डाळिंब्यांनीही (सोललेल्या वालांनीही) जमतं, फक्त किंचित कडवट लागतं.

300 मिली गार पाण्यात 6 ग्रॅम चायना ग्रासची (समुद्री शेवाळातल्या अगरची) पावडर ढवळून तीन मिनिटं खळखळून उकळावी. इथेच बहुतेकांचं बिघडतं. पावडर नुसती गरम केली तर ती नीट विरघळत नाही. मग त्यात वाटण मिसळावं. ते फ्रिजमधलं थंडगार असेल तर क्षणात गुठळ्या धरतात, म्हणून तेही गरम करून घ्यावं. लिंबाचा रस चमचाभर, तोही गॅस बंद केल्यावर. आंबटासह उकळलं तर वडी ढिली पडते. आगळ (कोकमाचा रस) नको, गुलाबी होतं!

भांड्यात ओतून गार होऊ दिलं की तासाभरात सुरी स्वच्छ फिरते. टोस्टवर मात्र तार सुटणार नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, सुटलेलं पाणी रोज पुसून.

– एक वाचक, रत्नागिरी