जुन्या पिकअपचे पार्ट नंबर घासून टाकू नका

प्रति,
संपादक

महोदय,

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या महिंद्रच्या जुन्या पिकअप पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस आपल्याकडे वाढते आहे. विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपच्या सांगाड्यावर बेतलेल्या या गाड्यांनी द्राक्षाच्या पेट्या आणि कांद्याची पोती वाहिली आहेत, तेव्हा ही हौस योग्यच आहे. पण काम पहिल्याच दिवशी बिघडते. गाडी खोलली की सगळे भाग ग्राइंडरखाली नाहीतर सँड ब्लास्टिंगला जातात आणि लगेच रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात बसतो. पुढे ‘ओरिजिनल पार्ट मिळत नाही’ म्हणून तक्रार होते. खरे तर पार्ट बऱ्याचदा मिळू शकतो. तो ज्या नंबराने मागायचा, तो नंबरच आपण घासून टाकलेला असतो.

आधी नंबर, मग सफाई, हा क्रम ठेवावा. रॉकेल आणि पितळी तारांचा ब्रश एवढेच वापरावे. भाग सुकला की त्यावर खडू आडवा फिरवावा आणि टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो घ्यावा. आकडा अगदी पुसट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी. कार्ब्युरेटरच्या स्क्रूखालची पितळी चकती आणि डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखालची पत्र्याची पट्टी कचरा समजून फेकली जाते. नंबर त्यांवरच असतात, म्हणून त्या दोन्ही नावानिशी पाकिटात ठेवाव्यात.

आता मुख्य मुद्दा. लोखंडावर उठावाने दिसणारा आकडा हा ओतकामाचा, म्हणजे कास्टिंग नंबर असतो. पार्ट नंबर वेगळा. एकाच साच्यातून निघालेल्या हाउसिंगला कारखान्यात वेगवेगळी भोके पाडून दोन-तीन वेगळे पार्ट बनतात. कास्टिंग नंबर तोच राहतो, पार्ट नंबर बदलतो. म्हणून उठावाचा आकडा घेऊन दुकानात जाणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

या गाड्यांतला स्पायसर मॉडेल १८ ट्रान्स्फर केसच (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गियरची पेटी) घ्या. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण मधल्या शाफ्टच्या जाड्या तीन आहेत: युद्धकाळातल्या जीपला ३/४ इंच, नंतर १ १/८ इंच आणि १९५३ च्या सुमारापासून १ १/४ इंच. मिलिटरी डिस्पोजलच्या जीपचे भाग आपल्याकडे इतके मिसळले आहेत, की आरसी बुकवरच्या सालावरून काहीही ठरवता येत नाही. व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन) लावावा: १९.०५, २८.५८ किंवा ३१.७५ मिमी यांपैकी एक माप येईल. झिजेमुळे थोडे कमी भरेल, तरी तिघांत गोंधळ होण्याइतके नाही. हे न पाहता गियर मागवला, की तो बसत नाही. मग लेथवर बुश (धातूची नळी) काढून ‘जमवतात’. नीडल रोलरच्या (सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगच्या) जागी असा बुश आला की तेल नीट पोहोचत नाही आणि थोड्याच दिवसांत गियर ओरडू लागतो.

विलीजचे युद्धोत्तर पार्ट नंबर बहुतेक सहा आकडी आहेत. १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने जीपचा धंदा घेतल्यावर त्याच सहा आकड्यांच्या सुरुवातीला ‘जे’ आणि शून्य लागले. शोध घेताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत. नंबराच्या सुरुवातीला ‘जीपीडब्ल्यू’ असेल तर तो भाग फोर्डने बनवलेल्या युद्धकालीन जीपचा आहे.

बेअरिंगसाठी तर गाडीच्या पार्ट नंबराची गरजच नाही. कप (बाहेरचे कडे) आणि कोन (रोलर असलेले आतले कडे) यांच्या कडेवर कोरलेला नंबर जगभर चालतो. पुढच्या चाकाला बहुधा १८५९० कोन आणि १८५२० कप निघेल, किंगपिनला (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) ११५९० आणि ११५२०. कप-कोन जोडीनेच बदलावेत. ऑइल सील मात्र शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा व्यास आणि रुंदी या तीन मापांवर मागावे.

एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या गियरजोडीचे दाते मोजावेत. ४३ आणि ८ म्हणजे रेशो ५.३८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. पुढचा-मागचा रेशो जुळला नाही, तर फोर-व्हील टाकताच डांबरी रस्त्यावर सगळी गाडी आवळली जाते. मागच्या एक्सलच्या स्प्लाइनही (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा) मोजाव्यात, दहा आणि एकोणीस असे दोन प्रकार सापडतात. ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) दोन्ही बाजूंना एकच हवा. एका चाकाला ७/८ इंच आणि दुसऱ्याला १ इंच बसवला, तर मोठ्या बाजूला जोर सुमारे ३० टक्के जास्त पडतो आणि ब्रेक दाबताच गाडी बाजूला ओढते.

पेट्रोलच्या एफ-हेड (एक व्हॉल्व्ह हेडमध्ये, दुसरा ब्लॉकमध्ये असलेल्या) इंजिनाचा नंबर वॉटर पंपाजवळ, ब्लॉकच्या पुढच्या उंचवट्यावर पंच केलेला असतो. त्याच्या शेवटी ‘ए’ असेल तर मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे कारखान्यातूनच ०.०१० इंच अंडरसाइझ (कमी मापाची) आहेत. ‘बी’ असेल तर पिस्टन ०.०१० इंच ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचे). ‘एबी’ म्हणजे दोन्ही. हे अक्षर न वाचता स्टँडर्ड सेट मागवणे म्हणजे पैसे पाण्यात.

बऱ्याच गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. त्यावर एक्सडीपी ४.९० दिसले तर ते पूजो या फ्रेंच कंपनीचे, चार सिलिंडर आणि ९० मिमी बोअरचे. त्याचे आटे मिलिमीटरचे, बाकी गाडीचे इंचाचे. ३/८ इंचाचा बोल्ट ९.५ मिमीचा असतो, १० मिमीच्या भोकात तो दोन फेरे धरतो आणि मग आटे घेऊन बाहेर येतो. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का, हे पार्टवर खर्च करण्याआधी पाहावे.

हे सगळे पडताळायला छापील पार्ट कॅटलॉग लागतो, सुट्या भागांच्या चित्रांसकट. जुन्या डीलरांचे काउंटर बंद होताना हे कॅटलॉग रद्दीत जात आहेत. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी ती नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे, म्हणजे ‘सावाना’कडे, द्यावी, आणि १८४० पासून नाशिकचे ग्रंथ सांभाळणाऱ्या ‘सावाना’ने ती स्कॅन करून अभ्यासिकेत पाहायला ठेवावी, अशी विनंती आहे. कंपनीनेही बंद झालेल्या मॉडेलांचे कॅटलॉग खुले करावेत. स्कॅन करताना सुरुवातीची पाने आणि मध्ये चिकटवलेली दुरुस्तीपत्रके वगळू नयेत. कोणत्या चेसिस नंबरापासून कोणता पार्ट बदलला, हे तिथेच छापलेले असते.

आपला,
एक गॅरेजचालक
सातपूर, नाशिक