तुझी लेझरची नळी दुपारी का मंदावते

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेझर कटिंग मशीनची, सकाळी ॲक्रिलिक एका फेरीत कापणारी नळी मे महिन्याच्या दुपारी अर्धवटच का कापते, आणि चिलर (नळीभोवतीचं पाणी गार ठेवणारं यंत्र) नीट चालला की पुन्हा ताळ्यावर कशी येते, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण तुझ्या या प्रश्नात लेझरचं सगळं शास्त्र दडलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

अणूरेणूंना मनाला येईल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही, त्यांच्या पातळ्या ठरलेल्या असतात. वरच्या पातळीवरचा रेणू आपणहून खाली येतो तेव्हा मधल्या फरकाएवढ्या ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो. कधी सोडेल, कुठल्या दिशेला सोडेल, याचा नेम नाही. आइनस्टाइनने 1916-17 मध्ये दाखवलं की खाली येण्याची आणखी एक रीत आहे. नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन जवळून गेला, तर त्याच्या प्रभावाने तो रेणू खाली उतरतो आणि त्याने सोडलेला फोटॉन आलेल्याशी हुबेहूब जुळतो. तरंगलांबी तीच, दिशा तीच, कला, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, सुद्धा तीच. एकाचे दोन, दोनाचे चार. यालाच उद्दीपित उत्सर्जन म्हणतात.

मग कुठल्याही दिव्याचा लेझर का होत नाही? कारण तोच फोटॉन खालच्या पातळीवरच्या रेणूला भेटला तर गिळला जातो, आणि रेणूगणिक पाहिलं तर दोन्ही शक्यता सारख्याच. म्हणजे जिकडे गर्दी जास्त, तिकडची सरशी. निसर्गात गर्दी सहसा खालीच जास्त असते. वस्तू कितीही तापवली तरी वरची संख्या खालच्यापेक्षा वाढत नाही. ही उलटी स्थिती मुद्दाम घडवावी लागते. माझ्या मते लेझरमधलं खरं अवघड काम तेवढंच. 1960 मध्ये थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीवर फ्लॅशच्या दिव्याचा झोत टाकून ते साधलं आणि पहिला लेझर चालला.

तुझ्या मशीनमधला कार्बन डायऑक्साइडचा लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. तो करणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. तुझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांग. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर आधी अगदी क्षीण किरण मिळाला. पटेलांनी त्यात नायट्रोजन घातला, मग हेलियम, आणि पुढच्या वर्षापर्यंत मजल शंभर वॅटच्या आसपास गेली.

नायट्रोजनचं काम मला फार सुंदर वाटतं. नळीतल्या विजेच्या प्रवाहातले इलेक्ट्रॉन त्याला धडकतात आणि तो कंप पावू लागतो. पण त्याचे दोन्ही अणू सारखे, त्यामुळे ही ऊर्जा त्याला प्रकाशाच्या रूपाने सहजी टाकता येत नाही. ती घेऊन तो ताटकळत राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाची पातळी त्याच्या पातळीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. दोघांची टक्कर झाली की ऊर्जा अलगद तिकडे जाते आणि वरची गर्दी वाढते. तिथून खाली उतरताना जो प्रकाश निघतो त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नळीच्या दोन टोकांना आरसे असतात, त्यातला एक थोडासा प्रकाश बाहेर सोडतो. नळीच्या रेषेत धावणारे फोटॉनच पुन्हा पुन्हा मागेपुढे जाऊन वाढतात, तिरके गेलेले वाया जातात. म्हणून किरण एवढा सरळ.

आता तुझी दुपार. या पातळ्या म्हणजे वर-खाली ठेवलेल्या दोन टाक्या समज. वरची टाकी भरत राहिली तरी खालची रिकामी होत नसेल तर धार थांबणारच. खालच्या पातळीवर आलेले रेणू हेलियमच्या टकरींनी मूळ स्थितीला जातात, आणि त्यांची उष्णता हेलियमच नळीच्या भिंतीपर्यंत पोचवतो. ती पुढे न्यायची ते चिलरच्या पाण्याने. पाणी तापलं की वायू तापतो, नुसत्या उष्णतेनेच खालच्या पातळ्या भरू लागतात आणि वर-खालचा फरक घटतो. पॉवर पडते ती अशी. मात्र पावसाळ्यात पाणी फार गार करू नकोस, नळीवर दव जमलं की हाय व्होल्टेजची ठिणगी उडू शकते.

टेबलावर दिसणारा लाल ठिपका हा कापणारा किरण नव्हे, नेम धरायला बसवलेला वेगळा छोटा लेझर आहे. 10.6 मायक्रॉनचा किरण डोळ्यांना दिसतच नाही. साधी काचही त्याला शोषून घेते, म्हणूनच तुझी लेन्स झिंक सेलेनाइडची. ॲक्रिलिकही त्याला शोषतं आणि वितळून वाफ होतं. चकचकीत पितळ मात्र बहुतेक किरण परत फेकतं. तेव्हा झाकण उघडं ठेवून काम करू नकोस आणि पोरांनाही करू देऊ नकोस. न दिसणारा किरण बुबुळ भाजतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद

ता. क. : सनबोर्ड या मशीनवर कापायचा मोह टाळ. पाट्यांसाठी वापरतात तो हा तक्ता बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा असतो आणि जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतो. तुझी फुप्फुसं आणि मशीनचे रूळ दोन्ही खराब होतील. गिऱ्हाईक अडून बसलं तर राउटरवाल्याकडे (फिरत्या पात्याने कापणाऱ्याकडे) पाठव.